मोटारआत्या हलेना

एवढीशी होती एक शिंपीण. शिंपीण म्हणजे शिंपी पक्ष्यांतली बाई. अंगठ्याएवढी. पाठ हिरवी, डोकं तांबूस, शेपटी उभी. तिचं नाव ठिगळी.

ठिगळीची चोच सुईसारखी. त्या चोचीने ती पानं शिवायची. या पानाला टाका, त्या पानाला टाका. टुच् टुच्, टुच् टुच्. गल्लीतल्या जास्वंदीची दोन पानं शिवली. झाली झोळी. झालं घरटं!

घरटं झालं, पण आत गादी नाही. आणि ठिगळीची अंडी तर आज येणार होती. आजच!

"कडक पानावर अंडं पडलं तर फुटेल," ठिगळी म्हणाली. "मऊ गादी हवी."

भुर्र उडाली. लांब लांब गेली. तिथे सावरीचं झाड. सावरीला बोंडं, बोंडांत कापूस. पण वाऱ्याने सगळा कापूस नेला होता. एकाच बोंडात उरला होता एक पुंजका. शेवटचा! ठिगळीने तो चोचीत धरला. भुर्र परत आली.

ठिगळी दमली. ठिगळीला तहान लागली. गल्लीत नळ होता. टप् टप् गळत होता. पण चोचीत कापूस, मग पाणी कसं प्यायचं?

तिने कापूस रस्त्यावर ठेवला. वर एक खडा ठेवला.

"उडू नको हं," म्हणाली.

टुण टुण टुण नळाशी गेली. एक थेंब प्याली. दोन थेंब प्याली.

तेवढ्यात आली मोटार.

घुर्र घुर्र. खड खड खड. घुर्र... फट्!

ढिम्म.

बंद पडली. आणि पुढचं चाक कुठे? कापसावर!

मोटार होती फार जुनी. अंग निळं, पण एक दार पांढरं. ते दुसऱ्या मोटारीचं. आरसा दोरीने बांधलेला. काचेत कागदाची घडी खोचलेली, नाहीतर काच सुर्रकन खाली जायची. सगळे तिला म्हणत मोटारआत्या.

मोटारआत्या होती कुमुदकाकूंची. काकू खाली उतरल्या. पुढचं झाकण उघडलं. इकडे बघितलं. तिकडे बघितलं. काही कळलं नाही. झाकण लावलं. मोटारीला थोपटलं.

"दमलीस का गं बाई?" म्हणाल्या.

मग त्यांनी हाक मारली, "दस्तगीरचाचाऽऽ! गाडी बंद पडली होऽऽ!"

गॅरेजमधून आवाज आला, "आलोच!"

दस्तगीरचाचांचं 'आलोच' सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यांच्या एका 'आलोच'मध्ये दोन चहा पिऊन होतात. काकू चहाच्या टपरीवर जाऊन बसल्या.

ठिगळी आली टुण टुण टुण. बघते तर काय! चाकाखाली कापूस. एवढंसं पांढरं टोक दिसत होतं. तिने टोक धरलं. ओढलं. आणखी ओढलं.

निघेना!

पोटात झालं गुडगुड. अंडी म्हणाली, "येऊ का? येऊ का?"

"थांबा गं बायांनो," ठिगळी म्हणाली. "आधी गादी."

ठिगळी मोटारआत्याच्या नाकावर बसली. टुविट् टुविट्!

"कोण गं तू?"

"मी ठिगळी."

"एवढीशी?"

"एवढीशीच!"

"मग काय हवं?"

"कापूस माझा निघेना! मोटारआत्या, मोटारआत्या, हल ना!"

"नाही बाई," मोटारआत्या म्हणाली. "माझ्या बॅटरीची तार सैल झालीय. तार आवळली, तर मी हलेन."

"तार कोण आवळतं?"

"दस्तगीरचाचा. जा त्यांच्याकडे."

टुण टुण टुण. टुण टुण टुण. ठिगळी गेली गॅरेजमध्ये.

तिथे एक जीप उभी होती. जीपखालून बाहेर आले होते दोन पाय. चाचा कुठे दिसेनात. नुसते पाय!

ठिगळी बसली अंगठ्यावर. टुविट् टुविट्!

"कोण गं तू?" पाय म्हणाले.

"मी ठिगळी."

"एवढीशी?"

"एवढीशीच!"

"मग काय हवं?"

"तार कुणी आवळेना,
मोटारआत्या हलेना,
कापूस माझा निघेना!
चाचा, चाचा, तार आवळा ना!"

"कशी आवळू?" जीपखालून चाचा म्हणाले. "एका हाताने सायलेन्सर धरलाय. सोडला तर नाकावर पडेल. असं कर. मी हा बांधतो, तोवर दहाचा पाना आण. पाना आला, तर तार आवळेन."

ठिगळी खूश झाली. पान? पानं तर तिला सगळी ठाऊक! आणि दहा? दहाही मोजता येत होते.

"चाचा, हिरवं की पिवळं?"

"कसलाही चालेल! दहाचा असला म्हणजे झालं."

भुर्र गेली. भुर्र आली. जीपखालून चाचांचा हात बाहेर आला. ठिगळीने हातावर ठेवलं आंब्याचं पान. एक!

भुर्र गेली. भुर्र आली. पेरूचं पान. दोन!

भुर्र गेली. भुर्र आली. जांभळाचं पान. तीन!

"अगं, काय गुदगुल्या करतेस?" चाचा म्हणाले.

चार! पाच! सहा! सात! आठ! नऊ!

आणि कडुलिंबाचं एवढंसं पान. दहा!

"झाली दहा!" ठिगळी म्हणाली. "आवळा आता तार!"

चाचांनी हात आत नेला. बघितलं. आणि जीपखालून हसू आलं. खो खो खो! जीपसुद्धा हलली.

"अगं वेडाबाई! पान नव्हे. पाना!"

"पान."

"पा-ना! तोंड मोठं उघड. पा-नाऽऽ!"

"पा-नाऽऽ!"

"हां. लोखंडाचा असतो. दोन तोंडांचा. त्यावर दहा लिहिलंय. पेटीत पडलाय बघ."

"आणि ही पानं?"

"राहू देत. वारा घेतो. फार उकडतंय इथे."

टुण टुण टुण. टुण टुण टुण. ठिगळी गेली कोपऱ्यात. तिथे एक पत्र्याची पेटी. आतून आवाज आला. ठण् ठण्!

"कोण गं तू?" आतून पाना म्हणाला.

"मी ठिगळी."

"एवढीशी?"

"दिसत नाही, मग कसं कळलं?"

"आवाजच एवढासा!"

"एवढीशीच!"

"मग काय हवं?"

"पाना हाती येईना,
तार कुणी आवळेना,
मोटारआत्या हलेना,
कापूस माझा निघेना!
पाना, पाना, बाहेर ये ना!"

"कसा येऊ? अंधारात बसलोय. पेटी उघडली, तर मी येईन."

मग ठिगळी बसली पेटीच्या कडीवर. टुविट् टुविट्!

"कोण गं तू?" पेटी कुरकुरली.

"मी ठिगळी."

"एवढीशी?"

"एवढीशीच!"

"मग काय हवं?"

"पेटी काही उघडेना,
पाना हाती येईना,
तार कुणी आवळेना,
मोटारआत्या हलेना,
कापूस माझा निघेना!
पेटीताई, पेटीताई, उघड ना!"

"नाही उघडणार," पेटी म्हणाली. "तीन दिवस चाचा ओढतायत. माझी बिजागरी गंजलीय. कुणी विचारलं का, पेटीताई, दुखतंय का? नाही! नुसते ओढतात! तेल मिळालं, तर मी उघडेन."

"खूप दुखतंय का पेटीताई?"

"आता विचारलंस, जरा बरं वाटलं. पण उघडत नाही. तेल आण."

टुण टुण टुण. टुण टुण टुण. ठिगळी गेली खिडकीशी. तिथे तेलाची बुधली. बुधलीला लांब लांब चोच.

"कोण गं तू?" बुधली हळूच म्हणाली.

"मी ठिगळी."

"एवढीशी?"

"एवढीशीच! तुझी चोच माझ्यासारखी."

"हो गं! आपण बहिणी. मग काय हवं?"

"तेल कुठे मिळेना,
पेटी काही उघडेना,
पाना हाती येईना,
तार कुणी आवळेना,
मोटारआत्या हलेना,
कापूस माझा निघेना!
बुधलीबाई, बुधलीबाई, तेल दे ना!"

"दिलं असतं गं," बुधली कुजबुजली. "पण मागे बघ."

ठिगळीने मागे बघितलं. बाप रे! बुधलीला मिठी मारून झोपला होता भुऱ्या बोका. गुर्र गुर्र, गुर्र गुर्र. एक पंजा बुधलीच्या गळ्यात.

"हा उठला, तर मी तेल देईन. पण जपून हं. त्याची नखं बघितलीस का?"

ठिगळी बोक्याच्या जवळ गेली नाही. छताच्या तारेवर जाऊन बसली. तिथून म्हणाली, टुविट् टुविट्!

बोक्याने एक डोळा उघडला. "कोण गं तू?"

"मी ठिगळी."

"एवढीशी?"

"एवढीशीच! खाण्यासारखी नाही."

"मग काय हवं?"

"बोका काही उठेना,
तेल कुठे मिळेना,
पेटी काही उघडेना,
पाना हाती येईना,
तार कुणी आवळेना,
मोटारआत्या हलेना,
कापूस माझा निघेना!
भुरोबा, भुरोबा, उठा ना!"

"भुरोबा?" बोक्याला बरं वाटलं. गल्लीत सगळे त्याला नुसतं 'शुक् शुक्' म्हणायचे. "गोड बोलतेस. पण रोज या वेळी मला साय येते. वाटीभर. आज आली नाही. साय मिळाली, तर मी उठेन."

आणि त्याने डोळा मिटला. गुर्र गुर्र.

टुण टुण टुण. टुण टुण टुण. ठिगळी गेली चहाच्या टपरीवर. टपरी होती अंजनाताईंची. चूल थंड. पातेलं पालथं. कुमुदकाकू बाकावर बसून पदराने वारा घेत होत्या.

"कोण गं तू?" अंजनाताई म्हणाल्या.

"मी ठिगळी."

"एवढीशी?"

"एवढीशीच!"

"मग काय हवं?"

"साय वाटीत पडेना,
बोका काही उठेना,
तेल कुठे मिळेना,
पेटी काही उघडेना,
पाना हाती येईना,
तार कुणी आवळेना,
मोटारआत्या हलेना,
कापूस माझा निघेना!
अंजनाताई, अंजनाताई, साय द्या ना!"

"कुठून देऊ गं?" अंजनाताई म्हणाल्या. "आज दूधच आलं नाही. काकूंना मघापासून नुसतं पाणी पाजतेय. दूध आलं, तर साय देईन."

"दूध कोण आणतं?"

"येसूमामा. कुठे अडकलेत कोण जाणे. बघ जा गल्लीच्या तोंडाशी."

पोटात झालं गुडगुड गुडगुड. अंडी म्हणाली, "येऊ का? येऊ का?"

"थांबा गं, थांबा!" ठिगळी म्हणाली. आता तिला टुण टुणसुद्धा करवेना. टुण... टुण... टुण... गेली गल्लीच्या तोंडाशी.

तिथे येसूमामा सायकल धरून उभे. सायकलला दोन किटल्या. एक इकडे, एक तिकडे. दोन्ही दुधाने भरलेल्या. ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!

"कोण गं तू?" मामा म्हणाले.

"मी ठिगळी."

"एवढीशी?"

"एवढीशीच!"

"मग काय हवं?"

ठिगळीने मोठा श्वास घेतला. तुम्हीपण घ्या. हं!

"दूध गल्लीत येईना,
साय वाटीत पडेना,
बोका काही उठेना,
तेल कुठे मिळेना,
पेटी काही उघडेना,
पाना हाती येईना,
तार कुणी आवळेना,
मोटारआत्या हलेना,
कापूस माझा निघेना!
येसूमामा, येसूमामा, दूध आणा ना!"

"कसं आणू?" येसूमामा म्हणाले. "गल्ली एवढीशी. किटल्या एवढ्या मोठ्या. आणि मधे बसलीय ही! घंटी वाजवून वाजवून माझा अंगठा दुखला."

"कोण बसलीय मधे?"

"दुसरं कोण? मोटारआत्या! ती हलली, तर मी दूध आणेन."

ठिगळी मोजायला लागली.

मोटारआत्या हलली, तर दूध. दूध आलं, तर साय. साय मिळाली, तर बोका. मग तेल, मग पेटी, मग पाना, मग तार. आणि तार आवळली, तर... तर मोटारआत्या!

गोल गोल गोल. फिरून तिथेच!

"आता मी कुणाकडे जाऊ?" ठिगळी म्हणाली.

येसूमामांनी टोपी सरकवून डोकं खाजवलं. त्यांनाही कळेना.

मग ठिगळी उठली. टुण... टुण... टुण... मोटारआत्याच्या मागे गेली. मागे होती लोखंडी पट्टी. ठिगळीने पट्टीला डोकं लावलं. शेपटी उभी केली. पाय रोवले.

आणि ढकलायला लागली.

हं... टुक्! हं... टुक्!

अंगठ्याएवढी ठिगळी. बैलाएवढी मोटार. कशी हलेल? केसभरसुद्धा हलेना.

हं... टुक्! हं... टुक्!

"अहो, ती काय करतेय?" अंजनाताईंनी विचारलं.

कुमुदकाकू बाकावरून उठल्या. बघितलं. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग त्यांनी पदर खोचला.

"एवढीशी ती ढकलतेय," काकू म्हणाल्या, "आणि आपण एवढाले बसून बघतोय! चला!"

काकू आल्या. अंजनाताई आल्या. येसूमामांनी सायकल भिंतीला टेकवली, तेही आले.

"काकू," मामा म्हणाले, "ही गाडी आता भंगारात घाला."

"आधी तुमची सायकल घाला, मग बघू!" काकू म्हणाल्या. आणि हळूच मोटारीला म्हणाल्या, "तू ऐकू नकोस गं."

"चाचाऽऽ! बाहेर या!" अंजनाताई ओरडल्या.

"आलोच!"

"आलोच नको! आत्ता या!"

चाचांनी सायलेन्सर दोरीने बांधला. जीपखालून सरपटत बाहेर आले. डोक्यावर आंब्याचं पान. हात काळे, नाक काळं. तेही लागले ढकलायला. आणि चाचांच्या पायाशी, पट्टीला डोकं लावून, ठिगळी.

"एक... दोन... अडीच... तीन!"

हंऽऽऽ हुंब!

हंऽऽऽ हुंब!

मोटारआत्या हलली! कर्र... कर्र... कर्र... पुढचं चाक कापसावरून उतरलं!

"निघाला! निघाला!" ठिगळी नाचली.

कर्र... कर्र... कर्र... आणि मागचं चाक आलं. कापसावर चढलं.

ढिम्म.

"अरेरेरे!" सगळे म्हणाले.

"परत ढकला!" ठिगळी म्हणाली.

सगळ्यांनी परत ढकललं. हंऽऽऽ हुंब! पण पुढे होता चढ. मोटारआत्या काही चढेना. काकूंना धाप लागली. मामांची टोपी पडली. चाचा खालीच बसले.

ठिगळीच्या डोळ्यांत आलं पाणी.

तेवढ्यात येसूमामा म्हणाले, "अरे! इथे गल्ली रुंद आहे. आता माझी सायकल जाते!"

ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग! आली सायकल. आली किटली. दूध गल्लीत आलं!

अंजनाताईंनी पातेलं सुलटं केलं. चूल पेटवली. दूध तापलं. दूध वर आलं. सुँऽऽऽ! खाली उतरवलं. फुंकर घातली. फू फू फू. वर आली जाड जाड साय. साय वाटीत पडली!

वाटी ठेवली खिडकीत. बोक्याने नाक हलवलं. एक डोळा उघडला. दुसरा डोळा उघडला. बोका उठला ताडकन! लप् लप् लप् लप्.

बुधली सुटली. चाचांनी तिची चोच खाली केली. तेल मिळालं, टिप् टिप्!

तेल गेलं बिजागरीत. "आहा!" पेटी म्हणाली. "आता कसं बरं वाटलं." कर्रर्र... खट्! पेटी उघडली!

आत लखलखला पाना. ठण्! चाचांनी उचलला. पाना हाती आला!

"हा बघ," चाचा ठिगळीला म्हणाले. "याला म्हणायचं काय?"

"पा-नाऽऽ!" ठिगळी म्हणाली. एवढं मोठं तोंड उघडून.

चाचांनी मोटारआत्याचं झाकण उघडलं. पाना लावला. कर् कर् कर्. कर् कर् कर्. तार आवळली!

काकू आत बसल्या. किल्ली फिरवली.

खिर्र...

सगळे वाकून बघायला लागले.

खिर्र... खिर्र...

"चल गं बाय," काकू म्हणाल्या. "तिची अंडी यायची आहेत."

खिर्र... घुर्र... घुर्र घुर्र घुर्र घुर्र!

मोटारआत्या हलली! मागचं चाक फिरलं. उतरलं. पुढे गेलं. आणि रस्त्यावर दिसला कापूस.

मग ठिगळी एका दमात म्हणाली,

"दूध गल्लीत आलं,
साय वाटीत पडली,
बोका उठला ताडकन,
तेल मिळालं टिप् टिप्,
पेटी उघडली खट्कन,
पाना हाती आला,
तार आवळली चाचांनी,
मोटारआत्या हलली,
कापूस माझा निघाला!"

पण कापूस बघा! पापडासारखा झाला होता. चपटा! आणि मधे एक काळा डाग.

"अगं, खराब झाला की तो," चाचा हळू आवाजात म्हणाले.

ठिगळीने कापूस चोचीने टोचला. इकडून टोचला, तिकडून टोचला. झटकला. फुस् फुस्, फुस् फुस्. कापूस फुगला. आणखी फुगला. ठिगळीपेक्षा मोठा झाला!

"डाग राहिला गं," काकू म्हणाल्या.

"राहू दे," ठिगळी म्हणाली. "अंडी काही डाग बघत नाहीत. अंडी मऊ बघतात."

आणि ती उडाली. भुर्र! जास्वंदीत गेली. घरट्यात गेली. कापूस पसरला. इथे दाबला, तिथे दाबला. गोल फिरून बसली.

खाली सगळे उभे. काकूंनाही मोटार बंद करून, खाली उतरून घरट्याकडे बघायचं होतं.

"बंद करू नका हां!" चाचा घाईघाईने म्हणाले. "चालूच राहू द्या! नाहीतर परत सुरूच व्हायची नाही!"

मग मोटारआत्याच हळू झाली. घुर्र... घुर्र... अगदी हळू. मामांनी घंटीवर हात धरला. बोक्याने जीभसुद्धा आत घेतली.

एक अंडं आलं. टुप्.

दुसरं अंडं आलं. टुप्.

तिसरं अंडं आलं. टुप्.

पांढरी पांढरी. वर तांबडे ठिपके. शेंगदाण्याएवढी.

एक फुटलं का? नाही.

दुसरं फुटलं का? नाही.

तिसरं?

नाही!

ठिगळी त्यांच्यावर पंख पसरून बसली. वारा आला. घरटं हललं. झुल् झुल्, झुल् झुल्.

चाक फिरलं गरगर, गोष्ट झाली घरभर.
ऐकणाऱ्याला एक पापा, सांगणाऱ्याला दोन!